सुलतान हुंगेल तोच पास

२ नोव्हेंबर १९३६
वऱ्हाडात कुत्र्यांवर रोग आला आहे. नाकाडोळ्यांतून पाणी, खोकला, मग झटके, मग खलास. एकही रोगी कुत्रं सरहद्द ओलांडून निजामी मुलखात येता कामा नये, असा जाफराबादेहून हुकूम. रोगी कसं ओळखायचं, ते हुकुमात नाही. म्हणजे अक्कल नाकेदाराची, माझी. आजपासून कडक शिस्त. पहाटे पाचला उठणे. कचरू शिपायाशी गप्पा बिलकुल बंद.

३ नोव्हेंबर, सकाळी ९
आत्ताच उठलो. पण झोपेतच फर्स्ट क्लास योजना सुचली! कुत्र्याचा रोग कुत्र्यालाच कळणार. येणारं प्रत्येक कुत्रं माझ्या सुलतानच्या नाकाला नाक लावून उभं करायचं. सुलतान गुरगुरला तर रोगी, जागीच गोळी. गप्प राहिला तर पास. पास झालेल्याला सुलतानच्याच दगडी डोणीतलं पाणी, कारण आपण माणुसकी सोडलेली नाही.
कचरूनं शंका काढली की, सायब, रोगी कुत्र्यानं सुलतानला चाटलं तं? त्याला सांगितलं, डॉक्टर कधी आजारी पडतो का? मग तासभर गप्पा.

५ नोव्हेंबर
दोन मरतुकडी कुत्री खोकत, शेपूट घालून आली. सुलताननं हुंगलं, तोंड फिरवलं. पास. डोणीतलं पाणी पाजून राजूरच्या वाटेला लावली.
तिसरं धिप्पाड, तेज डोळ्यांचं. सुलतान गुरगुरला. माझी पहिली गोळी त्याच्या पायात गेली, दुसरी कडुनिंबात. शेवटी कचरूनं दगडानं डोकं ठेचलं. मेंदू माझ्या धोतरावर उडाला. दुपारी जेवण गेलं नाही. रात्री गेलं.

९ नोव्हेंबर
मल्हारी धनगर वऱ्हाडातून मेंढरं घेऊन परतला. सोबत बायको सुगंधाबाई आणि राखणीचा काळ्या. वासराएवढा कुत्रा. सुलतान गुरगुरला, त्यानंही दात दाखवले. केस क्लिअर.
सुगंधाबाई काळ्याच्या गळ्याला मिठी मारून बसली. म्हणे, सायब, ह्याला काय बी न्हाई झालं, ह्यो गेला तं लांडगे आमची कोकरं फाडतील. कचरूनं तिला केस धरून ओढलं, मी गोळी घातली. या वेळी एकात काम झालं. बाईनं दगड मारून माझं कपाळ फोडलं. मल्हारीनं काळ्याचं धूड खांद्यावर टाकलं आणि मेंढरं हाकली. त्याला रूल पटला असावा.

१० नोव्हेंबर
उठलो, पाचला नव्हे. कपाळ ठणकतंय.

१४ नोव्हेंबर
डाव्या हाताला फळ्या. पुढचे दोन दात गेले. सकाळी मल्हारीनं लांडग्यांनी फाडलेली कोकरं आणून नाक्याच्या ओट्यावर ओतली, आतडी लोंबत होती. मग काठी घेऊन माझ्यावर तुटून पडला. कचरू सोडवायला आला, पण जल्दी आला नाही. लोकांना ड्यूटीची कदर नाही.
कचरू सांगतो की राजूरकडं कुत्री पटापटा मरून राह्यली, तिथले लोक नाक्याच्या नावानं बोटं मोडून राह्यले. याचा अर्थ रोग दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेनं शिरतो आहे. आपली तपासणी दुप्पट करणे.

१७ नोव्हेंबर
सुलतानचं नाक गळतंय. थंडी. आमच्या सौ. वच्छलाबाई म्हणतात की, ह्याला घरात घेऊ नका. मी त्याला स्वतःच्या घोंगडीत घेतलं. दिवसभर हुंगायचं म्हणजे नाकाला ताण येणारच.

२१ नोव्हेंबर
सुलतानचा पुढचा पाय आपोआप वरखाली होतो. झोपेतसुद्धा! माझ्याकडं बघून सलाम करतो आहे. इतकं इमान माणसातही नाही. मला रडू आलं.

२४ नोव्हेंबर
कचरू विचारतो, सायब, रूलप्रमाणं सुलतानची बी तपासणी करायची का? गाढव आहे. करणार कोण?

२६ नोव्हेंबर
जाफराबादेहून अमीनसाहेब इन्स्पेक्शनला आले. राजूरचे लोक ओरडत आले होते. मल्हारीही होता. डेमॉन्स्ट्रेशनसाठी वऱ्हाडातून आलेलं एक खोकणारं कुत्रं उभं केलं आणि सुलतानला आणलं. तोंडाला फेस, मागचे पाय फाकलेले. त्या कुत्र्याकडं त्यानं बघितलंच नाही. माझ्याकडं आला. मी उजवा हात पुढं केला. सुलतान माझ्यावर गुरगुरला आणि चावून हात फोडला.
याचा अर्थ काय, असं अमीनसाहेबांनी विचारलं. कचरूनं बराबर उत्तर दिलं, ज्याच्यावर सुलतान गुरगुरंल त्यो रोगी, हुजूर, सायबाचाच रूल हाय.
मग सुलतानला झटके आले. जबडा नुसता वाजत होता. गोळी घाला, असा मला हुकूम झाला. डावा फळ्यांत, उजवा फुटलेला, बंदूक पेलेना, नेम धरवेना. मल्हारीनं ती माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, आता मी. तो माझ्याजवळून पुढं गेला, गुडघ्यावर बसला. मग सुलतानच्या कानाजवळ नळी टेकवली. एकच गोळी. नंतर बंदुकीच्या दस्त्यानं डोणी फोडली आणि गेला.
अमीनसाहेब मला बडतर्फ करून गेले.
सुलतानला कडुनिंबाखाली पुरलं, घोंगडीसकट. आता घरात त्याच्याशिवाय करमणार नाही. खड्डा बुजवताना ते वऱ्हाडातलं खोकणारं कुत्रं जवळ आलं. जखमेचा हात त्याच्या नाकाशी धरला. त्यानं हुंगला, तोंड फिरवलं. गुरगुरलं नाही.
म्हणजे मी पास.