कोंड्याच्या तेलाचा ब्रेक

२ एप्रिल

घरी सांगितलेला आकडा: अठरा हजार. खरा आकडा: एकसष्ट हजार चारशे. भंगारवाल्याचे एक्केचाळीस हजार. ट्रॅक्टरने ओढून आणायचे दोन हजार. उरलेल्या अठरा हजार चारशेची वॉशिंग मशीन. बायको शकुंतला गेटात उभी राहून, हे काय आणलं, असं ज्या आवाजात विचारती झाली, तो ऐकून त्याच दुपारी घेऊन दिली. मशीन मी गाडीच्याच खात्यात धरतो. गाडी आली नसती तर तीही आली नसती.

ॲम्बेसेडर. १९७९ ची. गंजाखाली पांढरी आहे. माझ्या पहिल्या शेठची. त्यांच्या राइस मिलमध्ये चौदाव्या वर्षी झाडू मारायला लागलो, तेव्हा रोज सकाळी हीच पुसायचो. आठ वर्षं पुसली. आत एकदाही बसलो नाही. आज बसलो. स्प्रिंग टोचली. तरी अर्धा तास बसून राहिलो.

ठरलं. पोरगी खुशबूचं लग्न ४ मे. दुसऱ्या दिवशी सकाळी बिदाई याच गाडीत. गोंदिया ते तिरोडा, ड्रायव्हर स्वतः मी, टिकाराम. मोठ्या शहरात रिस्टोरेशन म्हणून पाच-पाच लाख घेतात. आपण स्वतःच्या मिलच्या शेडमध्ये तीस हजारांत करू.

५ एप्रिल

समधी, म्हणजे खुशबूचे होणारे सासरे योगराजजी, त्यांना फोन केला. तिरोड्यात खताचं दुकान आहे, माणूस मोजून बोलतो. प्लॅन सांगितला.  मग म्हणे, भाऊ, बिदाईत बाप रडते. रडता माणूस गाडी चालवन का?

मी म्हटलं, वायपर नवे टाकतो.

हसले नाहीत.

८ एप्रिल

मिस्त्री मिळाला. कामठ्याचा जागेश्वर, वय सहासष्ट. रोजी अधिक दुपारचं जेवण. तो बॉनेट उघडायच्या आधीच मी आवाजावरून सांगितलं की तिसरा सिलिंडर मिस करतो आहे. पंचवीस वर्षं मिल कानावर चालवली. बेअरिंग जायच्या दोन दिवस आधी मला कळतं. मशीन माझ्याशी खोटं बोलू शकत नाही.

जागेश्वर म्हणे, हव मालक, तिसरा मिस करते. चौथ्याले तं प्लगच नाही.

म्हणजे माझं बरोबर होतं.

१२ एप्रिल

आतलं छत बारदान्याचं केलं. नवा कोरा, धानाचा दाणा न लागलेला. शिवून घेतला, वॉर्निश मारलं. एसीऐवजी मिलमधला एक्झॉस्ट फॅन मागच्या काचेत. हॉर्न ट्रॅक्टरचा. खुशबू आत बसून पाहून गेली. म्हणे, पप्पा, गोडाऊनमध्ये बसल्यासारखं वाटते. मी म्हटलं, गोडाऊननेच तुला इंजिनियर केलं. मग हसली, आणि म्हणे मस्त झालं.

पोरगी माझ्यावर गेली आहे.

१५ एप्रिल

जागेश्वर दोन दिवस सुट्टीवर. जाताना ब्रेकचं तेल आणून ठेवा म्हणाला. दुकानात गेलो, भाव ऐकला, परत आलो.

डोकं चालवलं. ब्रेकला कसं तेल लागतं? तापलं तरी न जळणारं. आमच्या मिलच्या कोंड्याचं तेल निघतं. साऱ्या गोंदियाच्या पुऱ्या-समोसे त्यात तळतात, कढईभर आगीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ज्याला कढई काही करत नाही, त्याला ब्रेक काय करेल?

डबा घरचाच. भरलं. जागेश्वरला सांगणार नाही. म्हाताऱ्या माणसांना नवा विचार पचत नाही.

१८ एप्रिल

मिलच्या आवारात तीन चकरा. ब्रेक लोण्यासारखा. हे पेटंट करण्यासारखं आहे. हमालांनी टाळ्या वाजवल्या. (सर्वांना समोसे.)

२० एप्रिल, सकाळी ९.३०

खुशबूला शेजारी बसवून गेटापासून शेडपर्यंत येत होतो. किंचित उतार. ब्रेक दाबला. पाय सरळ खाली गेला, जमिनीपर्यंत, जसा पाण्यात जातो.

गाडी भुशाच्या ढिगात शिरली. दारांपर्यंत. कुणाला काही नाही. खुशबू हसत होती. केसांत भुसा. पप्पा, एकदम फिल्मी, म्हणे.

नोंद करण्यासारखी गोष्ट एकच. आवाज आला नाही. मशीन बिघडते तेव्हा आधी काहीतरी बोलते. कुरकुरते, खटखटते. ही काहीच बोलली नाही.

ढिगाच्या मागे विहीर आहे. मोजायची गरज नव्हती. अकरा पावलं.

२० एप्रिल, दुपारी १

जेवण गेलं नाही. ऊन फार आहे यंदा. ही ओळ तीनदा खोडून लिहिली, स्टिअरिंग जड असल्यामुळे हात दुखतो. ॲम्बेसेडरचं स्टिअरिंग जडच असतं.

२१ एप्रिल

जागेश्वर आला. चाक काढलं, ब्रेकच्या तेलात बोट बुडवलं, नाकाला लावलं. मग माझ्याकडे बघत राहिला. म्हणे, मालक, याले पुऱ्यांचा वास काऊन येऊन राहिला?

मी म्हटलं, हमालांनी हात लावला असेल.

आतले रबर काढून दाखवले. भिजवलेल्या चण्यासारखे फुगलेले. म्हणे, हे तेल रबर खाते. नागपुरावरून सारे नवीन मागवा लागन. तवरक गाडीले हात नोका लावू. आणि जाता जाता म्हणे, भुसा नसता तं?

भुसा होता. नसलेल्या गोष्टींवर मी वेळ घालवत नाही.

पेटंटचं तूर्त स्थगित.

२४ एप्रिल

पत्रिका वाटल्या. प्रत्येक घरी विचारतात, ऐकलं गाडी स्वतः चालवणार? चालवणार म्हणून सांगतो. अकरा घरं झाली. आता मागे येता येत नाही, आणि यायचंही नाही. घाबरणं हा आमच्या घरात शकुंतलाचा विभाग आहे. मोटर सुरू झाली तरी तिला धक्का बसतो. माझा तो स्वभाव नाही. चालत्या पट्ट्यातून हात काढून घेतलेला माणूस आहे मी.

२६ एप्रिल

तिरोड्याच्या रस्त्याने बोलेरोने एकदा जाऊन आलो. फक्त अंदाज घ्यायला. वाटेतल्या पुलाच्या उताराला उतरून पाहिलं. उतार आहे. खाली वळण आहे. वळणावर चहाची टपरी, तिथे दोन शाळकरी मुली बसल्या होत्या. रोज बसत असतील का, हे टपरीवाल्याला विचारलं. त्याने विचारलं, कायले?

त्या रस्त्याचं नियोजनच चुकीचं आहे.

२८ एप्रिल

नागपूरहून रबर आले. जागेश्वरने सगळा ब्रेक उघडून धुतला, नवे टाकले, बाजारातलं खरं तेल भरलं. स्वतः दहा वेळा दाबून दाखवला. आता रेल्वे थांबवन, म्हणे. आवारात चालवून बघा, म्हणे.

चालवली असती. पण शेडजवळ गाय बसली होती.

२९ एप्रिल

गाय नव्हती. पण आज मंगळवार.

२९ एप्रिल, दुपारी

ऐकायचं नव्हतं. कानच माझे तसे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नळ दुरुस्त करत होतो, आत माय-लेकी पापड मोजत होत्या. शकुंतला म्हणत होती, तू सांग त्याईले, तुयं ऐकते. मी बोलली तं अजून हट्टाले पेटन. खुशबू म्हणाली, नको ना आई. आठ वर्षं पुसली त्यांनी ती गाडी. तीस किलोमीटर आहे फक्त. डोळे मिटून बसते मी. पप्पांचं मन राहते.

शकुंतला म्हणे, आणि ब्रेक?

 पापड मोजण्याचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

पोरीचा माझ्यावर विश्वास आहे, हे सिद्ध झालं. नळ अजून गळतो आहे.

३० एप्रिल, दुपारी ३

सगळे झोपले होते. बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून ठेवला. लिंबाएवढी वस्तू. हा नसला तर सेल्फ कुर्र करून फिरतो, पण इंजिन काही पेटत नाही. शेडमध्ये उंदीर फार झालेत. असल्या नाजूक वस्तू उंदीर कुरतडतात, हे सर्वांना माहीत आहे. बिदाईच्या सकाळी बसवीन. रुमालात गुंडाळून कुर्त्याच्या आतल्या खिशात.

बरं वाटलं. जेवणही गेलं, दोनदा.

२ मे

जागेश्वरने विचारलं, शेवटची ट्रायल घेऊ का? मी म्हटलं, लग्नाआधी नवरीची गाडी सुरू करू नये. असं कुठे आहे म्हणे. मी म्हटलं, आमच्यात आहे. त्याने वाद घातला नाही. उलट लगेच, हव हव, म्हणाला. शहाणा माणूस.

३ मे

योगराजजींचा फोन. पोराची नवी गाडी मागून येऊ देतो, म्हणे, रिकामीच, असू द्यावी. अपमान आहे हा. ड्रायव्हर अनुभवी आहे ना आणि टायर नवे आहेत ना, एवढं विचारून ठेवून दिला.

४ मे

लग्न. सातशे पान. कढी पातळ. बाकी लिहायला वेळ नाही. झेंडूच्या माळांनी गाडी सजवली. इतकी सुंदर दिसते आहे की शेठ असते तर त्यांनी मला पुसायला सांगितली असती.

रोटर खिशात आहे. सकाळी बसवीन.

५ मे, सकाळी ११

बिदाई झाली.

क्रमाने लिहितो. साडेसातला अंगणात सगळं गाव. रोटर बसवायला वेळच मिळाला नाही, माणसं सारखी भेटत होती. खुशबू पुढे बसली, माझ्या शेजारी, शालूसकट. जावईबापू मागे, बारदान्याखाली. तिने दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. बांगड्या वाजत होत्या. गाडी उभी होती तरी बांगड्या वाजत होत्या.

मी किल्ली फिरवली.

काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. चेहरा मी चकित केला होता, तो पहिल्या वेळी ठरवून, दुसऱ्या वेळी आपोआप. खाली उतरलो. बॉनेटवर हात ठेवून म्हटलं, जुनं जनावर आहे, घर सोडवत नाही त्याला. योगराजजी पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, राहू द्या भाऊ, गाडीलेही रडू आलं. लोक हसले. कुणी चिडवलं नाही. सातशे पानाचा मान असतो.

खुशबू उतरली. रडत तर ती पहाटेपासूनच होती. पण पाय जमिनीला लागल्यावर तिने एक मोठा श्वास सोडला. बँडचा आवाज होता, कुणाला ऐकू गेला नसेल.

नव्या गाडीत बसून गेली. गल्लीच्या टोकाला ब्रेकचा लाल दिवा लागला, विझला. मग वळली.

५ मे, दुपारी ४

झोप येत नाही. एक गोष्ट कानात अडकली आहे. रोटर नसला तरी सेल्फ फिरायला हवा होता. कुर्र आवाज यायला हवा होता. सकाळी कुर्रसुद्धा झालं नाही.

गाडी पोरांनी ढकलून शेडमध्ये नेली होती, तिथे गेलो. रोटर बसवला. किल्ली फिरवली. मुडदा. बॉनेटमध्ये पुन्हा डोकं घातलं. बॅटरीवरची जाड वायर जागेवर नाही. कॉइलची वायर नाही. टाकीत काडी घातली, कोरडी आली.

चोरी. लग्नाच्या घरात चोरी. आता रिपोर्ट करतो.

५ मे, संध्याकाळी ६

रिपोर्टची गरज नाही. चहासोबत शकुंतलाने बशीत बॅटरीची वायर ठेवली. कुठे होती? उडदाच्या डब्यात. मिलच्या जनरेटरची अशीच काढते मी, लायनमन खांबावर चढला की, त्याले करंट लागू नये म्हणून, म्हणे. मले का कळत नाही? दोन पोरं घेऊन कोनी पुलावर जाऊन रायलं असतं आणि मी पाहत बसली असती?

मी म्हटलं, जागेश्वरने ब्रेक पक्का केला होता.

म्हणे, जागेश्वरलेच विचारा.

६ मे

विचारलं. पेट्रोल त्याच्या डबकीत होतं. दोन लिटर लुनामध्ये टाकलं, प्रामाणिकपणे सांगितलं. मी म्हटलं, स्वतःच्या कामावर भरवसा नाही? म्हणे, ब्रेक पक्का हाये मालक, त्याची ग्यारंटी मी देतो. त्याच्यावरच्या पायाची कशी देऊ? एकवीस तारखेपासून तुमाले पाहून रायलो. गाडी पुसता, दार उघडता, बसता. किल्ली लावत नाही.

म्हाताऱ्यांचं निरीक्षण बरं असतं.

दुपारी खुशबूचा फोन. सासरी सगळे चांगले आहेत, मच्छर फार आहेत. मग आवाज बारीक करून म्हणे, पप्पा, रागवू नका, कॉइलची वायर माझ्या पर्समध्ये आहे. यूट्यूबवर पाहून काढली. मग रडायला लागली. म्हणे, मी बसणारच होते हो, खरंच, पण हे मागे बसणार होते ना.

मी म्हटलं, वेडी. मी का रागवीन. तिला विचारलं, वायर ओढताना तिची रबरी टोपी नाही ना फाटली? नाही म्हणाली.

माझ्या खिशातल्या वस्तूबद्दल बोलायचा विषय निघाला नाही.

७ मे

जावईबापूंनी वायर पाठवली. जागेश्वरने सगळं जागच्या जागी लावलं. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. चारही सिलिंडर स्वच्छ. ब्रेक लागला. काय आवाज आहे! शकुंतला दारात येऊन ऐकून गेली.

जागेश्वर हात पुसत म्हणे, पण मालक, डिस्ट्रिब्युटरचं टोपण कोनं उघडलं होतं? क्लिप उलटी बसली होती.

मी म्हटलं, उंदीर.

हिशेबी माणूस आहे तो. फळीवर कोळशाने लिहून बसला. पेट्रोल त्याने काढलं ४ तारखेला सकाळी. बॅटरीची वायर शकुंतलाने, ३ ला. कॉइलची खुशबूने, २ ला. मग माझ्याकडे पाहिलं आणि कोळसा माझ्या हातात दिला.

रोटर: ३० एप्रिल.