ओळीतलं शेवटचं मंडल

१ नोव्हेंबर
काठमांडूलगतच्या पाटणमधल्या शाक्यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर आज राहायला आले. आठ वर्षं काठमांडूत गणित शिकवतेय, पण ऊन येणारी खोली पहिल्यांदाच मिळाली. भारताच्या सीमेवरच्या नाकाबंदीमुळे गावात गॅस नाही. माझ्याकडे अर्धा सिलिंडर होता, तो वर चढवताना घरमालकीण आमा हसून म्हणाल्या, "तुझ्या देशानं अडवलेला गॅस तूच घेऊन आलीस होय, सुनैना?" सिलिंडर त्यांच्याच स्वयंपाकघरात ठेवला. त्यांनी उडदाचे गरम वडे दिले. मधुबनीच्या बाईला एवढ्यावर सहज विकत घेता येतं.

५ नोव्हेंबर
सिलिंडर संपला. आता गच्चीवर सगळ्यांची मिळून एकच चूल. मी लाकडं फुंकते, सून प्रमिला भात शिजवते आणि आमा दोघींच्या चुका काढतात. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मला तेल नाकारलं, वर 'धोती' म्हणाला, ही इथली भारतीयांसाठीची शिवी. आमा तरातरा खाली गेल्या आणि ही आमच्या घरची आहे, असं त्याला बजावून आल्या. मला रडूच आलं. आमांचे यजमान, बुबा, दम्यानं बेजार आहेत. त्यांचा पंप संपत आलाय आणि औषधाच्या गाड्या सीमेवर अडकल्यात. सीमेपलीकडे रक्सौलला असलेल्या माझ्या भावाला निरोप धाडला, एखाद्या सायकलवाल्याबरोबर पंप पाठव म्हणून.

१२ नोव्हेंबर
आज यांची म्हपूजा, म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा. आमांनी जेवायला बोलावलं होतं. शाळेतून यायला उशीर झाला. सगळे ओळीनं, फरशीवर रेखलेल्या आपापल्या मंडलासमोर बसले होते, टोकाचं एक मोकळं होतं. मी आता घरचीच, तेव्हा ते माझं असणार असं धरून चालले. पुढे आसन नव्हतं. टंचाईत तेही कमी पडलं असेल म्हणून फरशीवरच बसले. पूजेतून मध्येच कुणी उठायचं नसतं, कुणाला उठवायचंही नसतं. आमांनी माझ्यापुढे वात लावली, डोक्यावर फुलं वाहिली.

नंतर जिन्यात प्रमिलानं सांगितलं. बोलावणं फक्त जेवणाचं होतं. टोकाचं मंडल यमदूताचं असतं, त्यापुढे माणूस बसत नाही. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

१४ नोव्हेंबर
आमा मला 'आपण' म्हणायला लागल्यात. नाव घेत नाहीत. घरात सगळ्यांच्या आधी माझ्या दाराशी ताट येतं आणि ठेवणारी मागं न बघता निघून जाते. मी गच्चीवर गेले की चुलीपाशी कुणी थांबत नाही. दुकानदारानं आज न मागता तेल दिलं, वर हात जोडले. त्याच्या शिव्या बऱ्या होत्या.

१६ नोव्हेंबर
पंप आले. चार. धावत खाली गेले तर दार बंद. बुबांची घरघर बाहेर ऐकू येत होती. आमा आतून म्हणाल्या, "आपल्या हातचं घेतलं की ते निघाले. त्यांना सोडा. मला न्या."

मी सुनैना आहे, आमा, तुमची लाकडं फुंकणारी सुनैना, असं किती वेळा ओरडले. तीन पंप उंबऱ्यावर ठेवले. त्यांच्या मुलानं, सुवर्णनं, ते चिमट्यानं उचलून गटारात टाकले. भीती वाटते. त्याहून जास्त राग येतो.

१७ नोव्हेंबर, सकाळ
चौथा पंप माझ्याजवळ होता. दार उघडं दिसलं, आत घुसले. बुबांच्या तोंडाशी धरला — त्यांनी बाजूला सारला. माझं मनगट पकडलं. "चला," म्हणाले. पुढचा श्वास आलाच नाही. बोटं सुवर्णनं सोडवली, एकेक करून.

दुपार
खाली कुणी रडत नाही. माझ्या दाराला बाहेरून कडी. भावाचा फोन लागत नाही.

चौकात सुवर्ण तिरडी बांधतोय. फार रुंद आहे. दोघं मावतील एवढी —

आमा दाराशी आल्यात. आवाज किती मऊ. म्हणतात, बुबांना वाट ठाऊक नाही, आपण सोबत —

कडी काढतायत —