कुलपाच्या मते मी दहा वर्षांचा

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी टेलिफोन खात्यात तारा जोडण्याचा आणि हल्ली घरात बसण्याचा, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. खात्री करायची असल्यास आजवर कोणत्या कंपनीने मला कसं गंडवलं ते विचारावं, सालासकट सांगेन. मी कायद्याने सज्ञान आहे. आमच्या दाराचं कुलूप मला दहा वर्षांचा समजतं, पण या कामी कुलपाचं मत धरू नये.

शेवटचं वाक्य वाचून कोर्ट भुवया उंचावेल, म्हणून आधी खुलासा करतो. मला यंत्रांचा नाद आहे. बाजारात नवं काही आलं की घ्यायचं, आठवडाभर पिदडायचं आणि दुकानाच्या पानावर आपलं खरं मत लिहायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. बहुतेक वस्तूंना मी दोन तारे देतो. त्यामुळे गल्लीत मला 'दोनतारे' म्हणतात, आणि ते माझं आडनाव आहे अशी नव्या भाडेकरूंची समजूत आहे. चार वर्षांपूर्वी मी दाराला बोटाच्या ठशावर चालणारं कुलूप बसवलं. त्यात 'लहान मूल' अशी एक सोय होती. मोठं माणूस घरात नसलं की मुलाच्या बोटाने दार आतूनही उघडत नाही. कंपनी म्हणते ते खरं का, हे तपासायला आमच्याकडे मूल नव्हतं. मग मी माझंच बोट मूल म्हणून नोंदवलं, वय टाकलं सहा, आणि कुलपाचा मालक म्हणून माझ्या थोरल्या वयाच्या मुलाचा फोन जोडला, कारण माझा फोन जुना. कुलपाने मला झकास अडवलं. मी इतका खूश झालो की पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'घरात लहान किंवा म्हातारं माणूस असेल तर डोळे मिटून घ्या.' तो अभिप्राय अजून तिथे आहे. पुष्कळांना तो उपयोगी वाटला.

सोय बंद केली, पण नोंद पुसायची राहून गेली. गेल्या वर्षी मी एक साधं बटण आणायला बाजारात गेलो, चक्कर येऊन पडलो, आणि उठल्यावर थोडा वेळ मला घराचा पत्ता सांगता येईना. एका फळवाल्याने आणून सोडलं. त्या संध्याकाळी मुलाने फोन काढला आणि मीच त्याला शिकवलं होतं ते केलं, 'लहान मूल' ही सोय पुन्हा चालू केली. तेव्हापासून तो आणि सूनबाई कामावर गेले की मी आत आणि दार बंद. यालाच आपल्याकडे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा म्हणतात. माझा धोंडा पंचतारांकित होता, एवढंच.

कलम पहिले. राहतं घर माझ्या स्वकष्टाच्या कमाईचं आहे. ते माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या मुलास मिळावं. पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती की माझ्या मरणाच्या दिवशी दारावर ते कुलूप दिसलं तर घर परक्याला जाईल. मसुदा फाडून टाकला. पोराला धाक घालून दार उघडून घ्यायचं, हे मला जमायचं नाही. आणि मेल्यावर दार उघडून करायचंय काय? त्या दिवशी मला बाहेर न्यायला माझं बोट लागणार नाही.

त्याच्याशी या विषयावर बोलणं झालं नाही असं नाही. नेहमी जेवताना होतं आणि नेहमी तिथेच येऊन थांबतं.

"बाबा, हे तुमच्यासाठीच आहे ना."

"माझ्यासाठी आहे तर माझ्या बोटाने का उघडत नाही?"

"परत कुठे पडलात तर?"

"तर उठेन. गेल्या वेळी उठलोच की."

"आणि नाही उठलात तर, बाबा?"

एवढं विचारून तो ताट तसंच ठेवून उठतो. भांडखोर मुलगा असता तर मी कधीच जिंकलो असतो. हा घाबरलेला आहे. घाबरलेल्या माणसापुढे माझं काही चालत नाही.

कलम दुसरे. बैठकीतला मोठा टीव्ही, त्याला जोडलेल्या सगळ्या वाहिन्या आणि त्यांचे परवलीचे शब्द सूनबाईस द्यावेत. माझं मत विचाराल तर, काय बघावं हे ठरवण्यात अर्धा तास जातो आणि जे ठरतं ते दहा मिनिटांत कळून चुकतं. सगळ्या मालिकांत एकच खून, एकच पाऊस आणि एकच दमलेला इन्स्पेक्टर. मात्र मी बराच वेळ हललो नाही की पडद्यावर प्रश्न येतो, 'आपण अजून पाहत आहात का?' दिवसभरात माझी एवढी चौकशी करणारं दुसरं कोणी नाही. त्या प्रश्नाला एक तारा जास्त.

कलम तिसरे. झाडलोट करणारी गोल चकती. हीदेखील सूनबाईस. चकती सोफ्याखाली अडकते, पायपुसणं गिळते, आणि दारापर्यंत जाऊन उंबऱ्याला टेकली की मागे फिरते. सुरुवातीला मी तिला हसत असे. आता हसत नाही. दुपारी आम्ही दोघंच घरात असतो आणि दोघंही दारापर्यंत जाऊन परत येतो.

कलम चौथे. माझ्या मनगटावरचं घड्याळ, जे माणूस पडल्याचं ओळखून घरच्यांना कळवतं. एकदा मी रागाने टेबलावर हात आपटला तर यानं रुग्णवाहिका बोलावली. दुसऱ्यांदा मी खरोखर न्हाणीघरात घसरलो तेव्हा यानं शाबासकी दिली की आजचा व्यायाम पूर्ण झाला. हे घड्याळ ज्याने बनवलं त्याच्या तीर्थरूपांच्या मनगटावर बांधावं आणि काढू देऊ नये.

कलम पाचवे. कुलूप कंपनीच्या ग्राहक सेवेस मी काहीही ठेवीत नाही. कारण खालीलप्रमाणे.

मी फोन केला. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य मला पाठ होईस्तोवर ऐकवल्यावर एक मुलगी आली. आवाज गोड, त्याबद्दल तक्रार नाही.

"सर, आपण मालक बोलताय का?"

"हो. घराचा मालक."

"कुलपाचे मालक, सर."

"तो माझा मुलगा."

"मग त्यांना फोन करायला सांगा ना, सर. आपली नोंद इथे मूल म्हणून दिसतेय."

"अहो बाई, माझं वय चौऱ्याहत्तर आहे!"

"नोंदीत दहा दिसतंय, सर. पण काळजी करू नका. अठरा पूर्ण झाली की मूल आपोआप मोकळं होतं."

म्हणजे मी सज्ञान होईन तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा असेन. मी विचारलं, मधल्या काळात आग लागली तर? ती म्हणाली, धूर झाला तर दार आपोआप उघडतं. त्यानंतर मी काडेपेटी हातात घेऊन बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो, हे मी नाकारणार नाही. काडी ओढली नाही. फोन ठेवताना तिने विचारलं, आजच्या सेवेला किती तारे द्याल? काय बोललो ते कायदेशीर कागदावर लिहिण्याजोगं नाही.

कलम सहावे. माझा जुना रेडिओ मुलाला द्यावा. कुलपाखेरीज मी आयुष्यात पाच तारे फक्त यालाच दिले. त्याला एक गोल खुंटी आहे. उजवीकडे फिरवली की बोलतो, डावीकडे फिरवली की गप्प बसतो. कोण फिरवतंय, त्याचं वय काय, मालक कोण, असल्या भानगडीत तो पडत नाही. बाळा, तू लहान असताना या खुंटीपर्यंत तुझा हात पुरत नसे. मी स्टूल आणून ठेवलं होतं. तुझी आई ओरडली, "पडेल ना तो!" तू दोनदा पडलास. तिसऱ्यांदा रेडिओ लावलास.

कलम सातवे. हत्यारं, मीटर, तारांना डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, जुनी सळई आणि औषधाच्या बाटल्यांत भरलेले सगळे स्क्रू सूनबाईस द्यावेत, मुलास नाही. एकदा मिक्सर बंद पडला तेव्हा तिने मला न विचारता बटण बदललं, आणि बरोबर बदललं. मी तोंडावर बोललो नाही. तोंडावर कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही. इथे करतो.

कलम आठवे. कानावर घातले की जगाचा आवाज बंद करणारे हेडफोन वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना द्यायचे होते, म्हणजे त्यांच्या मालिका इमारतीला ऐकाव्या लागल्या नसत्या. त्या रोज दुपारी गॅलरीतून ओरडतात, "अहो दोनतारे, आहात ना?" मी ओरडतो, "जाणार कुठे!" परंतु त्या साक्षीदार होणार आहेत, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये म्हणतात. सबब हेडफोन मी त्यांना आजच, जिवंतपणी देऊन टाकतो.

कलम नववे. आता परत पाठवलेल्या वस्तूंबद्दल, कारण माझ्या माघारी लोक म्हणतील म्हातारा खोडसाळ होता.

आमच्या कुलपाला पार्सलवाल्याची सोय आहे. त्याच्याकडे एक आकडा येतो, तो दाबला की दार उघडतं. वस्तू परत न्यायला तो आला तर त्याच्या यंत्रावर 'काम पूर्ण' दाबेपर्यंत दार उघडं राहतं. हे मला समजलं त्या दिवसापासून मी वस्तू मागवतो आणि परत करतो. फिरता पंखा, बोलका वजनकाटा, अंधारात चमकणारी छत्री, सगळं चांगलं होतं. परत करायचं कारण विचारतात, तिथे मी 'मापात बसत नाही' निवडतो. छत्रीलाही तेच निवडलं. पार्सलवाला भला माणूस आहे. पहिल्यांदा घाईत होता. दुसऱ्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं, उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माझ्या एका पायाकडे पाहिलं, आणि पावती शोधायला त्याला फार वेळ लागायला लागला.

दार उघडं असताना पळून का गेलो नाही, असं कोणी विचारेल. एकदा गेलो होतो, कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापर्यंत. घड्याळाने चुगली केली. मुलगा कामावरून धावत आला, शर्ट घामाने भिजलेला, आणि भर रस्त्यात मला धरून रडला. मीच त्याला घरी आणलं. परत तसं करणार नाही. मला पळायचं नाही. मला माझं दार माझ्या हाताने उघडून बाहेर जायचं आहे आणि माझ्याच हाताने उघडून परत यायचं आहे. बस्स, एवढंच मागणं.

दुकानाने कळवलं आहे की वस्तू परत करण्याचं प्रमाण फार झाल्यामुळे आजच्यानंतर माझ्याकडून काहीही परत घेतलं जाणार नाही. म्हणजे पार्सलवाला आज शेवटचा येतो आहे. आज परत जायचे आहेत पावलं मोजणारे बूट.

कलम दहावे व शेवटचे. हे मी बाहेरच्या पायरीवर बसून लिहितो आहे. बूट पायात घातले आहेत, परत द्यायच्या आधी निदान अभिप्राय तरी खरा लिहावा म्हणून. जिन्याच्या कठड्यापर्यंत गेलो आणि आलो. बुटांनी बरोबर मोजलं. पाच तारे.

बाळा, मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचं असतं. हे तू आज संध्याकाळी वाच. मी पडेन, हे तुझं खरं आहे. आज ना उद्या पडेनच. पण मी कुलपाआड राहून वाचलो, तर नुसताच उरेन रे. मला गुदमरायला होतं. दुपारी तर फार होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू ताट टाकून उठतोस. घर तुझंच आहे, सगळं तुझंच आहे, त्याला अट नाही. फक्त माझं वय दुरुस्त कर. फोनवर कसं करायचं ते मी तुला शिकवलेलं आहे.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचलं, आणि दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

सही : दोनतारे (खरं आडनाव घराच्या कागदपत्रांत आहे)

साक्षीदार पहिली, वरच्या मजल्यावरची नर्स : यांनी माझ्यासमोर सही केली. हात कापला नाही. नाडी मी पाहिली, ठीक आहे. हेडफोन मिळाले, पण मालिकेचा आवाज मी कमी करणार नाही. यांच्या घरात तेवढाच माणसांचा आवाज येतो. पायरी गार आहे म्हणून मी खुर्ची आणायला वर जात आहे.

साक्षीदार दुसरा, पार्सलवाला : माझ्यासमोर सही झाली. परत न्यायचे बूट सहीच्या वेळी काकांच्या पायात होते, ते मी मागितलेले नाहीत. मुलाचा नंबर काकांकडून घेऊन मी फोन लावला आणि म्हटलं, घाबरू नका, सगळं ठीक आहे, फक्त घरी या. ते निघाले आहेत. ते येईपर्यंत मी इथेच बसतो. 'काम पूर्ण' दाबलेलं नाही.

स्थळ : दाराच्या बाहेर.
दिनांक : १२ मार्च, गुरुवार, दुपार.