गिअरचा दांडा

६ जाने., सोम.
गाडी गेली. इंद्रपुरीच्या भाजीबाजारात मोटरसायकल कडेला उभी करून मी मेथी बघत होतो. ट्रकवाल्याने मागे घेता घेता थेट गाडीवर चढवला. लोक "अरे रोक, रोक!" ओरडत होते, मला वाटलं गाय आडवी आली. ड्रायव्हर पळाला. मला साधं खरचटलंही नाही. जो तो म्हणतो, नशीब! नशीब काय डोंबल. पुढचं चाक, चासी, इंजिन, सगळ्याचा काला झालाय.
मेथी घेऊन रिक्षाने घरी. ही दारातच: "अहो, गाडी कुठाय?" काय सांगणार. मेथी हातात दिली.

८ जाने., बुध.
शेजारच्या तिवारीच्या स्कूटरवर मागे बसून कारखान्यात. तिवारी माणूस सोन्यासारखा, पण त्याची पूजा आटपेपर्यंत मी जिन्याखाली काठी टेकून उभा. "बस भाईसाहब, दो मिनट." मग गेटवर उतरताना माझा डावा पाय त्यानेच दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. सगळ्या शिफ्टसमोर.
हा पाय लहानपणापासून लुळाच. पण नोकरी लागल्यापासून तो कुणाच्या हातात दिला नव्हता. गाडीवर बसलो की मी आणि बाकीचे सारखेच. डाव्या पायाने गिअर पडत नाही म्हणून टूलरूममधल्या बापटने दांडा करून दिला होता. खालच्या गिअरपासून टाकीच्या उजव्या अंगाने वर आलेला, उजव्या हाताने ओढायचा. बापट मागच्या पावसाळ्यात वारला.
संध्याकाळी, गाडी नेऊन टाकलीय त्या यार्डात जाऊन आलो. मेकॅनिक म्हणाला, "गाड़ी गई, पर डंडा सही-सलामत है साहब, टंकी के नीचे दबा है." जिवात जीव आला.

१३ जाने., सोम.
विमा कं.चा सर्व्हेयर घरी. तरुण पोरगा, घाईत. गाडी यार्डात लांबूनच बघून आलेला. "टोटल लॉस है अंकल, क्लेम बन जाएगा." चहा घेतला, चिवडा घेतला. कागद काढून हिंदीत लिहायला लागला. बीमा कब का है, गाडी कोण चालवतं इ.
मग: "और ये एक्सेसरीज़? हाथ वाला गिअर, छड़ी का क्लिप, लेगगार्ड?"
मी ठणकावून: "उनका भी उतरवाया है. सब उतरवाया है."
त्याने वर बघितलं. "सब?"
"सब."
लिहिलं, सही घेतली. ही शाळेत शिकवायला गेली होती. ग्वाल्हेरची असल्यामुळे माझ्या कराडी हिंदीला उठताबसता हसते. आज तिच्याशिवाय सगळं निभावलं.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिवारीला तिळगूळ दिला. गोड बोलायची गरज सध्या मलाच आहे.

१८ जाने., शनि.
गोविंदपुऱ्यात दोन फॅब्रिकेशनवाल्यांना विचारलं, क्लेम मिळाला की दुसरी गाडी घेऊ, तिला असा दांडा करून द्याल का. कागदावर चित्र काढलं. चित्र बघून पहिला म्हणाला ही छत्री आहे का. दुसरा बरा होता: "सैंपल ले आओ बाबूजी, हूबहू बना दूँगा. बिना सैंपल के गिअर का काम नहीं करता, कल को आप गिर गए तो?"
बरोबर बोलला. दांडा हवाच.

२४ जाने., शुक्र.
विमा कं.च्या हबीबगंजच्या ऑफिसात. क्लेम अडकवलाय. खिडकीवरच्या बाई नाहीत, बडे बाबू नाहीत, शेवटी एक साहेब भेटले. त्यांनी माझाच जबाब मला वाचून दाखवला: गाडीधारकाने कबूल केलं आहे की तपासणीआधी सर्व सामान त्याने गाडीवरून उतरवून घेतलं.
"मैंने कब उतारा?"
"दस्तख़त आपके हैं."
मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, चौकशी होईपर्यंत गाडीचा एक स्क्रूसुद्धा हलवायचा नाही, हलवला तर क्लेम रद्द. मी म्हणालो पैसे राहू द्या, तेवढा दांडा द्या. म्हणाले, "कौन सा डंडा? वो तो आप उतरवा चुके हैं."
घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही नेमकं काय बोललात? शब्द सांगा." सांगितले. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, मग हसता हसता खुर्चीतच बसली आणि डोळे पुसले. "अहो, विमा आपण उतरवतो. हे लोक बीमा करवाते हैं. यांच्याकडे उतरवायचं म्हणजे काढून घ्यायचं."
इतकी वर्षं भोपाळात. सब उतरवाया है! वर ठणकावून.

२५ जाने., शनि.
परत हबीबगंज. समजावायला गेलो.
"तो उतरवाया कि नहीं उतरवाया?"
"उतरवाया, मतलब बीमा उतरवाया."
"बीमा भी उतरवा लिया?"
मागच्या टेबलावरचे दोघे हसले. साहेबही हसले. मी काठी उचलली आणि निघालो. जिन्यात बसावं लागलं थोडं. आपण मरताना शेवटचे शब्दही हिंदीत चुकणार.

३१ जाने., शुक्र.
तिवारीची दुसरी शिफ्ट लागली. बसची पायरी मला झेपत नाही, कंडक्टरने काखेत हात घालून वर ओढलं, शर्ट उसवला. आजपासून रजा टाकली.
फोरमन म्हणाले, आराम करा, नाहीतरी व्हीआरएसची स्कीम परत येतेय. चांगल्या मनाने म्हणाले. चांगल्या मनाची माणसंच जास्त छळतात.
दुपारभर खिडकीशी. कॉलनीतल्या गाड्या आवाजावरून ओळखतो. ही शाळेतून आली, मी जेवलो नाही हे बघून ताट वाढून समोर ठेवलं. बोलली असती तर भांडता आलं असतं.

४ फेब्रु., मंगळ.
यार्डाच्या चौकीदाराचा निरोप, मेकॅनिककडून. वादातल्या गाड्या ठेवायला जागा नाही, अयोध्या नगरचा कबाडी येऊन आठवड्याभरात सगळा ढीग उचलणार. कं.ला फोन केला. "नोट कर लिया है." काय नोट केलं विचारलं तर फोन ठेवला.
चौकशीही नाही, गाडीही राहणार नाही. भंगारात एकदा प्रेसखाली गेली की दांडा म्हणजे लोखंड.
हिला सांगितलं. "थोडं थांबा ना," एवढंच म्हणाली. कशासाठी थांबू? कोण येणार आहे?

८ फेब्रु., शनि.
काढला.
सकाळी ही शाळेत गेल्यावर रिक्षा करून यार्डात. चौकीदार म्हातारा, माझा पाय बघून गेट उघडलं. "निकाल लो बाबूजी, अब कौन देखता है. सब कबाड़ में ही जाना है." नट गंजून बसलेले, पान्याला दाद देईनात. मग करवतीच्या ब्लेडने क्लॅम्पच कापला. खाली मातीत बसून, टाकी खांद्याने उचलून धरून. हात सोलला. कापताना एकदा वाटलं, यांनी लिहिलं ते आता मी खरं करतोय. पण थांबलो नाही. दांडा सुटून मांडीवर पडला तेव्हा मला रडू आलं. लपवत नाही, आलं. बापटने मुठीला गुंडाळलेली निळी टेप अजून तशीच.
पंच्यात गुंडाळून घरी. खूप दिवसांनी भूक लागली.

त्याच दिवशी, संध्या.
ही उशिरा आली. चप्पल न काढताच बोलायला लागली. शाळेतून अर्धी रजा घेऊन परस्पर हबीबगंजला गेली होती. मला आशा लावायची नव्हती म्हणून आधी सांगितलं नाही. साहेबांसमोर बसून एकेक शब्द समजावला, मराठीत याचा अर्थ काय, हिंदीत काय. गाडीची पॉलिसी नेली होती, त्यावर अॅक्सेसरीज वेगळ्या नोंदवलेल्या. साहेब शेवटी म्हणाले, "मैडम, आप पहले क्यों नहीं आईं?" सोमवारी सकाळी स्वतः यार्डात येणार. सामान गाडीवर जागच्या जागी दिसलं की क्लेम पास. कबाड्याला थांबवलंय. आणि दांडा तपासणी झाल्यावर तुमच्या समोर काढून देतो म्हणाले.
"ऐकताय ना? दांडा पण देतायत."
मी कॉटवर बसलेलो. पंचा मागे होता.
दाखवला.
तिने कुकर लावला. शिट्ट्या होत गेल्या, गॅस बंद करायला मीच उठलो.

९ फेब्रु., रवि.
दांडा परत बसवायचा तर यार्ड बंद. चौकीदाराचं घर कुणाला माहीत नाही. तिवारी मला आणि दांड्याला घेऊन वेल्डरकडे गेला, का ते विचारलं नाही, भला माणूस. वेल्डर: "जोड़ तो दूँगा, पर गाड़ी यहाँ लाओ. और निशान दिखेगा. ताज़ा काटा है ना."
दुपारी भांडण झालं एकदाचं.
"एक दिवस! एक दिवस थांबला असतात."
"मला सांगून गेली असतीस तर?"
"तुम्ही सांगून गेलात?"
दोघांचंही बरोबर. म्हणून मिटेना.
मग हिशेब केला, तोंडी. क्लेम नाही तर गाडी नाही. दांडा नाही तर गाडी असून नाही. काल सकाळपर्यंत दोन्ही मिळत होतं. ही म्हणाली, "खरं सांगा साहेबांना. मी असेन बाजूला." खरं सांगितलं तर जबाबात लिहिलेलं पहिल्यापासून खरंच होतं असं होतं. माझ्या बाजूने बोलून आली, ती खोटी पडते. पॉलिसी घेऊन गेलेली, अर्धी रजा टाकून. माझ्यापेक्षा तिचं तोंड कसं दिसेल याचं जास्त वाटतंय.
रात्री तिनेच सोललेल्या हाताला हळद लावली.

१० फेब्रु., सोम.
लवकर उठलो दोघं. तिने शाळेत कळवलंय. इस्त्रीची साडी नेसली आहे, शनिवारी नेसली होती तीच. "साहेबांशी मी बोलते, तुम्ही मधे बोलू नका," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाही, तुम्हीच बोला. मला जमायचं नाही."
काय बोलायचं ते दोघांनीही विचारलं नाही.
रिक्षा आली. ही खाली उतरली, माझ्यासाठी रिक्षाचा पडदा धरून उभी आहे. एका हातात काठी असेल, दुसऱ्या हातात दांडा. जिन्याचा कठडा धरायचा तर यातलं एक घरी ठेवावं लागेल. ही खालून विचारते, "दांडा आणताय ना?"