ब्राझीलच्या पावसावर माझं लक्ष

१२ ऑक्टोबर, सकाळी ७
सोयाबीन घरी आलं. बावीस पोती, पाहुण्यांच्या खोलीत लावली. सोसायटीच्या निवडणुकीत मला अकरा मतं देणाऱ्या गावाला आता कळेल, हौसराव काय चीज आहे ते. मोबाइलवर ‘शिरूर-दौंड जागतिक तेलबिया’ ग्रुप काढला. अ‍ॅडमिन मीच. पहिला मेसेज: ब्राझीलमध्ये पाऊस नाही, आपली पेंड परदेशात जाणार, भाव वाढणार. थांबा.
बायको, म्हणजे अनुपमा, विचारत होती पोती कधी हलणार. दिवाळीपर्यंत, म्हटलं. तिला जागतिक दृष्टी नाही.

२८ ऑक्टोबर
भाव चढला! ग्रुपवर टाकलं: ही तर सुरुवात. थांबा.
दुपारी शिरूरच्या मार्केट यार्डात गेलो तर निम्मं गाव भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रांगेत. शेजारचा गेणबा म्हणाला, काय न्हाई आप्पा, काटा बराबर हाय का बघाया आलोय. जागरूक शेतकरी मला आवडतो.

४ नोव्हेंबर
भाव पडला. हेल्दी करेक्शन.

१५ नोव्हेंबर
मान वाढतोय. दौंडहून अनोळखी माणसाचा फोन. आप्पा, थांबायचंच का, नक्की? नक्की, म्हटलं. लई उपकार झाले म्हणाला. फोन ठेवता ठेवता ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

६ डिसेंबर
मेहुणी दोन दिवस पोत्यांना टेकून झोपली. उंदीर दिसला म्हणे. एकच होता.

३ जानेवारी
भाव तळाला. ब्राझीलमध्ये पाऊस झाला, मला न विचारता. जड अंतःकरणाने मेसेज: विका. मी स्वतः उद्या नेतो. आज टेम्पो मिळाला नाही.

४ जानेवारी
यार्डात शुकशुकाट. आमच्या गावचं एक पोतं नाही. एवढ्या तळमळीने सांगूनही लोक ऐकत नाहीत. वाईट वाटलं. टेम्पो परत पाठवला.

११ जानेवारी
भाव एकदम वर! माझा अंदाज मुळात बरोबरच होता. मेसेज: थांबा. सगळ्यांचे हात जोडलेले फोटो आले.

१९ जानेवारी
पुन्हा पडला.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीपुढे माझा सत्कार! शाल, नारळ, फेटा. भाषणाची तीन पानं खिशात होती. आधी गेणबा बोलला. आप्पा थांबा म्हनले तवा आमी इकलं, आप्पा इका म्हनले तवा आमी थांबलो. औंदा गावात कुनाचंबी नुस्कान झालं न्हाई, आप्पांसारका मानूस पंचक्रोशीत न्हाई.
टाळ्या थांबेनात. सगळ्यात जोरात अनुपमा वाजवत होती. तिच्या माहेरच्या वाट्याची आठ पोती तिने २८ ऑक्टोबरलाच गेणबाच्या ट्रॉलीत घातली होती.
भाषण खिशातच राहिलं. फार लागलं मनाला. घरी येऊन तिला विचारलं, मला एका शब्दाने सांगायचं तरी. ती फेट्याची घडी घालत म्हणाली, अवो, तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी मत बदललं असतं. मग गावानं कुनाकडं बघायचं?