गच्चीवरची रात्र

४ एप्रिल
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचं काम मला मिळालं. शास्त्रज्ञ बाई, सरकारी साहेब आणि चित्रकार, तिघांचं मिळून प्रोजेक्ट. चौथा मी. बोर्डावर नाव नाही, पण ब्रश माझ्याच हातात.
गच्चीखालची खोली आमची. दादा बेकरीत रात्रपाळी करतो, दिवसा तळमळतो. परवा भट्टीसमोर चक्कर येऊन पडला. पुन्हा पडलास तर गावाकडे जा, मालकाने सांगून टाकलंय.

९ एप्रिल
रंग झाला. बाईंनी खोलीत थर्मामीटर टांगलं. पारा चक्क उतरला. दादा भरदुपारी घोरला! बाई शाब्बास म्हणाल्या. सायन्स तसं सोपं असतं. शाळा सोडल्याचं आता काही वाटत नाही.

१३ एप्रिल
बाई कॉन्फरन्सला गेल्या, आमचीच गच्ची दाखवायला. इकडे साहेब आले. म्हणाले, मंत्री येणार, ड्रोनने फोटो काढणार, आणि ह्यात दिसतंय काय, वाळत घातलेली चादर? चित्रकार म्हणाला, लाट काढू. साहेब म्हणाले, लाटेने लोक घाबरतात. दोघंही अडले. शेवटी मीच तोंड उघडलं. रात्र काढू या. रात्र गार असते. चित्रकाराने मिठीच मारली. साहेबांनी माझं नाव विचारलं.
दादा म्हणाला, गाढवा, काळा शर्ट घालून उन्हात उभा राहून बघ. दादा शिकलेला नाही, त्याला आर्ट काय कळणार.

१६ एप्रिल
काळ्या रंगाचे दोन हात दिले. मधे तारे सोडले, अगदी नाजूक. फोटो फर्स्टक्लास. कोपऱ्यात मीही आहे, निदान माझी बादली आहे.
पारा चढलाय. नव्या रंगाला बसायला वेळ लागतोच.

२१ एप्रिल
दादाचा डोळ्याला डोळा लागत नाही. ओला टॉवेल अंगावर घेतो, डोळा लागायच्या आत तो वाळतो. खिडकीला गोणपाट लावणार. उद्या नक्की.

२४ एप्रिल
गोणपाट राहिलं. दादा पडला. मालकाने गावच्या गाडीत बसवून दिलं. निघायच्या आधी दादा गच्चीवर जाऊन आला. म्हणाला, चांगलं काढलंयस रे, पाय तेवढा ठेववत नाही.
संध्याकाळी बाई आल्या. गच्ची बघून मटकन खाली बसल्या, चटका बसून तशाच उठल्या. कुणाची आयडिया, म्हणाल्या. साहेबांना माझं नाव बरोबर आठवलं.

२५ एप्रिल
हार मानणार नाही. प्लॅन तयार. तारे रोज थोडे थोडे मोठे करायचे. कुणाला पत्ता लागायच्या आत सगळी रात्र पांढरी. मग दादाला फोन, ये परत.

२६ एप्रिल
पांढरा डबा घेऊन वर गेलो. दाराला कुलूप. पाटी: कलाकृती आहे, हात लावू नये.
साहेबांना फोन केला. म्हणाले, मंत्री खूश आहेत, शेजारच्या बिल्डिंगवर पौर्णिमा काढायचीय, येतोस? चंद्र केवढा, मी विचारलं. ताटाएवढा, म्हणाले.
दुपारी दादाच्या गादीवर आडवा झालो. लगेच उठलो.
आता रोज लिहिणं जमणार नाही. वही वारा घ्यायला लागते.