भाभींना खटकलेला पियानो

मंगळवार, संध्याकाळ

शिसारी आली आहे, दुसरा शब्दच नाही. शेजारच्या भाभी चहाला आल्या होत्या. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान, बाई तशी गोड. माझी लेक हिंदीत डब केलेली अमेरिकन मालिका बघत होती. त्यात एक काळं कुटुंब आहे. आई न्यायाधीश, हॉलमध्ये पियानो. तिचा सख्खा भाऊ मात्र बस चालवतो, बहिणीच्या सोफ्यावर अवघडून बसतो. मला तेच आवडतं. माझाही भाऊ अंकुशनगरला उसाचा ट्रॅक्टर चालवतो, मी कॉलेजात शिकवते.

भाभी म्हणाल्या, "काळ्या लोकांच्या घरात पियानो? बिलकुल खोटं दाखवून राह्यले."

"का हो? त्यांच्यात शिकलेले, पैसेवाले न्हाईत का?"

"असतील, पण खरं वाटत न्हाई ना."

पियानोच का खटकावा? हातात पिस्तूल दिलं असतं, तर लगेच खरं वाटलं असतं. आपल्या मालिकांत तरी काय? आमचा माणूस दिसला की झोपडी नाहीतर झाडू.

मी म्हणाले, "भाभी, मी पण दलितच आहे की."

"तुमची गोष्ट अलग. तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच न्हाई." वर प्रेमानं माझा हात दाबला. तारीफच करत होत्या!

लेकीनं मान वळवली. "त्यांच्यातल्या म्हणजे कशा, आई?"

"भाभींनाच विचार."

भाभींनी अर्धा कप तसाच ठेवला, दुकानाचं काम आठवलं म्हणाल्या. मी एरवी फाटकापर्यंत जाते. आज उठले नाही.